काळी लोकर परत केली

दोन रविवार तुझा फोन आला. आईशी बोललीस, बापाशी बोललीस, शेळीला करडं किती झाली तेसुद्धा विचारलंस, आणि माझं नाव निघालं की तुझी रेंज गेली. एवढी शहाणी रेंज मी जन्मात बघितली नाही. मी उंबऱ्याशीच बसले होते. तुझ्या आईचा फोन कायम स्पीकरवर असतो, हे विसरलीस काय?

प्रिय दिपाली,

आशीर्वाद आहेतच, ते काही रागावर अवलंबून नाहीत. अक्षर मोठं आहे आणि ओळी उतरणीला लागल्यात, त्याला हसू नको. चौथीपर्यंतची शाळा, तीसुद्धा अर्धी बांधावर. जाड स्केचपेन मुद्दाम विकत आणलाय. दुपारच्या उन्हात अंगणात बसून लिहितेय. तुझी आई दोनदा विचारून गेली, आत्याबाई, काय लिहिताय. म्हटलं, वाण्याची यादी.

तू कशावर रुसलीस ते मला कळलंय. तुझ्या आईनं, राजेश्वरीनंच, फोनवर सांगितलं, आजीनं हळदीच्या रंगाचा स्वेटर विणायला घेतलाय. तुला वाटलं म्हातारी टोमणा मारतेय. कोपरगावचं स्थळ मोडून वर्दी अंगावर घातलीस म्हणून मी सहा महिने बोलले, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलले, ते खरं आहे. पोरगा कारखान्यात कामाला, चांगलं खातंपितं घर, आणि तू म्हणालीस मला सीमेवर जायचंय. मी तुला जा म्हणाले नव्हते. आजही म्हणत नाही. पण टोमणा मारायचा असला तर मी तोंडानं मारते, त्यासाठी क्रोशाचे बाराशे खांब विणत बसत नाही.

जाताना तूच म्हणालीस, आजी, तोरणं लई केलीस, रुमाल केलेस, आता मला एक स्वेटर कर, काळा कर, वर्दीच्या आत घालीन. मी साठ वर्षं क्रोशाची सुई चालवली, पण स्वेटर एक केला नाही. आमच्या अंगावर तरी कुठं होता? ऊसतोडीला जायचो तेव्हा पाचटाची शेकोटी हाच आमचा स्वेटर, पुढून भाजायचं आणि पाठीमागून गारठायचं. तुला दिवाळीनंतर बर्फात पाठवणार म्हणतात. तिथं पाचट कुठून आणणार?

म्हणून एसटीनं एकटी नगरला गेले. कापडबाजारातल्या दुकानदारानं पुढ्यात ढीग टाकला. एक लोकर केसाळ, मांजराच्या पोटासारखी. हाताला गोड, पण टाका चुकला तर उसवत नाही, केसाला केस धरून बसतात. पहिला स्वेटर करणारीनं तिच्या नादाला लागू नये. एक चकचकीत, ती सुईवर ठरत नाही. एक खरी मेंढीची, मानेला घासून बघितली तर घोंगड्यासारखी टोचली. मला घोंगडं चालतं, तुला लहानपणी बापाची दाढीसुद्धा टोचायची. सुती दोरा माझ्या ओळखीचा, पण त्याचा स्वेटर ओल्या गोधडीसारखा जड होतो आणि ऊब काही नाही. शेवटी मध्यम जाडीची, घट्ट पिळाची, मऊ अशी घेतली. काळी. सगळे गुंडे एकदमच घेतले, कारण दुसऱ्या खेपेचा काळा पहिल्या काळ्याशी जुळत नाही.

घरी येऊन स्वेटरची पाठ विणायला धरली. दोन विती झाल्यावर जमिनीवर पसरली तर खाली रुंद आणि वर निमुळती, बाळाच्या कुंचीसारखी. दर ओळीला कडेचा खांब राहून जात होता. उसवली. पुन्हा केली, पुन्हा कुंची. तिसऱ्यांदा वरच पसरली, सूप झालं. तुझा बाप वैजनाथ हसला, म्हणाला, आई, ह्यात धान्य पाखडू. मी त्याला म्हटलं, काळा रंग मला लाभत नाही.

मग परत नगर. पिशवी काउंटरवर ठेवली आणि दुकानदाराला म्हटलं, बदलून दे. ह्या वेळी एकेक गुंडा दुकानाच्या दारात, उजेडात नेऊन डोळ्यांसमोर धरला. निळा नको, तांबडा नको, चॉकलेटी नको. पिवळा धरला आणि पीळ न् पीळ मोजता आला. त्यानं विचारलं, आजी, घरात लग्न आहे का? मी हो म्हटलं, सुटका करून घेतली. पिशवीतला रंग बघून तुझ्या आईलाही तेच वाटलं, आणि मी तिलाही तेच वाटू दिलं. तिथं माझं चुकलं.

इकडची बातमी म्हणशील तर तूर बरी आहे. मी तांदूळ निवडायचं सोडलं, तुझी आई निवडते आणि मला आळशी म्हणते. परवा शेळीच्या दाव्यात पाय अडकून पडले, गुडघा सुजलाय, चालतंय. कोपरगावची माणसं अजून थांबलीत. त्यांचा निरोप आला की वैजनाथ दिवसभर अंगणात फेऱ्या मारतो. तुला परत बोलवायला एखादं कारण मिळावं, एवढंच तो शोधतोय.

ते कारण माझ्या तोंडावर आहे, दिपे. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय, उजव्यात धरलाय. भादव्यात कर्जतच्या शिबिरात डॉक्टरीण म्हणाली, “आजी, उशीर करू नका, घरचं माणूस घेऊन या.” घरच्या माणसाला सांगितलं असतं तर त्याच रविवारी तुझ्या बापानं फोनवर रडून सांगितलं असतं, आजी आंधळी झाली, ये परत. आणि तू आली असतीस, तुला मी ओळखते. मग आयुष्यभर माझ्या डोळ्यांकडं बघून तुला काय आठवलं असतं? म्हणून गप्प आहे. फक्त शेजारच्या गोजरबाईला ठाऊक आहे, पाकिटावर पत्तासुद्धा तिनंच लिहिलाय. तुझी शपथेची परेड झाली की दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर जाऊन ऑपरेशन करून घेईन, तोवर कुणाला बोलायचं नाही. काळ्या लोकरीतले खांब मला दिसत नाहीत, पिवळ्यातले दिसतात, एवढाच त्या रंगाचा अर्थ. पाठ सरळ आलीय, पुढचा भाग झालाय, बाह्या राहिल्यात. वर्दीच्या आत तुझा कवायत शिकवणारा उस्ताद बघायला येणार नाही. घालणार असशील तर बाह्या करते, नसशील तर उसवून गोजरबाईला तोरण करून देते. उत्तर कागदावर पाहिजे, गोजरबाईच्या पत्त्यावर, आणि ते तूच लिहायचं, कुणा मैत्रिणीला सांगून नाही. अक्षर मोठं काढ आणि शाई काळी घे. मला ते स्वतः वाचायचंय, कुणाकडून वाचून घ्यायचं नाही.

तुझीच आजी,
बायडाबाई