भरून पाठवलेली कॅन

जठारपेठ, अकोला
१२ जानेवारी २००७

ती. बाबांस संध्याचा जय भीम.

बाबा, माझ्या संशोधनात अडचण आली आहे. मेंदूतलं नॉरएपिनेफ्रिन नावाचं रसायन खर्ची पडलं की त्यातून उरणारा एक पदार्थ लघवीत उतरतो. तो जितका कमी, तितके कंपवाताच्या रोग्याचे स्नायू ताठ, असं आमच्या तपासणीत दिसतंय. चाळीस जणांचे ठिपके आलेखावर रेघेला धरून बसले. तुमचा एकट्याचा पार वर उडाला! आणि हात तर तुमचाच सगळ्यांत ताठ. सर म्हणतात, कारण कळल्याशिवाय पुढे जायचं नाही. चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये नीट धरली होती ना? खरं सांगा, रागावणार नाही.

आहे तशीच माया राहू द्या.
तुमची संध्या

भातकुली
१७ जानेवारी

चि. संध्याले बाबाचे लय आशीर्वाद.

बेटा, आता लपवून काय करू! तुही कॅन अर्धीच भरली होती. आपल्या घरून कोनाचं भांडं कधी अर्धं परत गेलं काय? तुही माय त शेजारनीची वाटीबी साखर टाकल्याबिगर देत नाही. मले लाज वाटली. शिलाईच्या दुकानातले आपले भागीदार उस्मानभाई, त्याईले सांगतलं. ते हसून हसून लोटपोट झाले, पन दोस्तीखातर बाकीची कॅन भरून देल्ली. माहं चुकलं, माफ कर. दुसरी पाठव. यावेळी अर्धी त अर्धी.

कापसाले भाव नाही, नवे कपडे कोन शिवते? जुन्याचीच डागडुजी चालू आहे. मजेत आहो. फक्त तुही माय बोलून राहिली का मी आळसानं हात हलवत नाही. ते मनाले लागते.

बापावर राग धरू नको.
मोतीराम

अकोला
९ फेब्रुवारी

ती. बाबांस जय भीम.

तुमची हकीकत ऐकून सर चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसले. दुसऱ्या कॅनचा आकडा आला, सगळ्यांत कमी. ठिपका बरोबर रेघेवर बसला आणि मी टाळी वाजवली. मग टाळी कशाला वाजवली ते ध्यानात आलं, आणि बाबा, मी खूप रडले. आईला सांगा, हा आळस नाही. १८ तारखेला, रविवारी येते, मोठ्या डॉक्टरांकडे जाऊ.

मला जवळच धरा.
संध्या

भातकुली
१३ फेब्रुवारी

चि. संध्याले आशीर्वाद.

रडू नको, येडे. तुह्या मायले पत्र वाचून दाखवलं. तवापासून माह्या शर्टाची बटनं तीच लावून देते.

तीस वर्सं सरळ शिलाई मारली, आता हातून होत नाही. तुही रेघ सरळ आली, मले लय बरं वाटलं. येतानी तो कागद आन. माहा ठिपका उस्मानभाईले दाखवाचा आहे.

तुहा बाबा