चंद्रावती माहेरी आहे

जोहे, ता. पेण

तीर्थस्वरूप पोपटदादांस,

दत्तात्रेयाचा वाकून नमस्कार. तुमचे गुडघे आणि वहिनींची साखर दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा धरतो. इकडे भात झोडून झालं, वाल पेरले, मीही धडधाकट आहे (भाकरी जळते, पण ती करणारा आणि खाणारा एकच, त्यामुळे तक्रार नाही).

पत्रास कारण की, तुमच्या अब्रूला माझ्या हातून थोडा धक्का लागला आहे. सरकारदरबारी असं पक्कं झालंय की रोह्याचा पोपटदादा आपल्या बहिणीला नवऱ्याकडे धाडत नाही. रागावण्याआधी पत्र शेवटपर्यंत वाचा.

तुमच्या वडिलांनी दिलेली एकरभर जमीन चंद्रावतीच्या नावावर, म्हणून शेतकऱ्यांना मिळणारा सरकारी हप्ताही तिच्याच नावावर. पण तो तिच्या हयातीत एकदाही हाती आला नाही. कारखान्यात वीस वर्षं गणपतींना पॉलिश पेपर मारून तिच्या अंगठ्यावरच्या रेघाच झिजलेल्या. मशीन म्हणायचं, ही बाई चंद्रावती नव्हे. ती बिचारी एस.टी.ने पेणला जायची, अंगठा पदराला पुसून पुन्हा ठेवायची आणि घरी येऊन मला विचारायची, "मंग मी कोण हाय?" शेवटी चेहरा दाखवायची सोय निघाली. आमच्या प्रणिताने ओटीवर आईसमोर मोबाइल धरला. डोळे मिटा-उघडा म्हटल्यावर हिला हसूच आवरेना. चार वेळा बाद झाली, पाचव्या वेळी सरकारने तिला ओळखलं. त्यानंतर पंधरा दिवसांत तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. पहिला हप्ता जमा झाल्याचा संदेश आला तो तेराव्याला, पानं वाढलेली असताना.

दादा, मी तेव्हाच कळवायला हवं होतं. नाही कळवलं. दर चार महिन्यांनी मोबाइल वाजतो, त्यात तिचं पूर्ण नाव असतं. आपण सगळ्यांनी तिला पोचवलं, एकटं सरकार तिला जिवंत धरून होतं. मला त्याचीच सोबत वाटायची. (पैशाला हात लावलेला नाही. तिन्ही हप्ते तिच्या खात्यात तसेच आहेत.)

गेल्या महिन्यात कृषी खात्याचे एक तरुण साहेब पडताळणीला दारात उभे. लाभार्थी कुठे आहेत, म्हणाले. माझ्या तोंडून निघून गेलं, माहेरी गेलीय, रोह्याला. पुढच्या आठवड्यात साहेब पुन्हा हजर, ही अजून रोह्यालाच. तिसऱ्या खेपेला त्यांनी शेजारच्या ठमाबाईला गाठलं. चंद्रावतीला शेवटची आंघोळ तिनेच घातलेली. ठमाबाई माझ्याकडे बघून म्हणाली, "भाव धाडीत नाय तिला, सायब." साहेब तुमच्यावर भयंकर चिडले. बाईमाणसाला असं अडकवून ठेवणं शोभतं का, म्हणाले, आणि तुमचा पत्ता लिहून घेतला. पुढच्या मंगळवारी ते तुमच्याकडे येताहेत. चहा द्या. माणूस भला आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
दत्तात्रेय

ता. क. साहेबांना खरं ते सांगून टाका. मला जमलं नाही, म्हणूनच मी तुमचा पत्ता मुकाट्याने दिला.

आणखी एक. प्रणिताने वारस नोंदीचा अर्ज आणून ठेवलाय. गट नंबर, क्षेत्र, वारसांची नावं, सगळं मी भरलं. 'मयत खातेदाराचे नाव' हा एकच रकाना राहिलाय. पेन टेकवतो आणि उठून वाल बघायला जातो. पोरीच्या हातून तो भरून घ्यायला धीर होत नाही. चंद्रावती सांगायची, बारशाला तिचं नाव तुम्ही सुचवलं होतं. तेवढं एकदा येऊन तुम्हीच लिहून द्या.