टाळ्यांचा अर्थ

जायचं होतं तर जा, पण म्हातारीला सांगायला जीभ झडली होती का?

सेकाई, पोरी, जेवतेस ना?

बेकरीचा साहेब म्हणाला, "झिम्बाब्वेवालीच्या हातचा पाव गिऱ्हाइकाला नको. उद्यापासून येऊ नकोस." तू डोळे खाली घालून हळूच टाळ्या वाजवल्यास. आपल्या झिम्बाब्वेत तो थोरांना द्यायचा मान, त्याला वाटलं तू खूश. तो आता सांगत फिरतो, "राजीखुशीनं गेली."

कामगार कचेरीतली बाई म्हणते, "आजी, देश बघून कामावरून काढणं कायद्यात बसत नाही. पण तक्रारीवर सही तिचीच हवी, तीही महिन्याच्या आत." मी करते म्हटलं, तर हसली.

तुझा पत्ता कुणी देत नाही, तुझी आईसुद्धा. पत्र उशीखालीच राहतंय.

जोहान्सबर्गहून,
तुझी आजी

उत्तर तूच द्यायचं, आईनं नाही. आणि मला नको, कचेरीतल्या त्या बाईला दे, सही करून.