वेळापत्रकात न बसलेला प्रश्न

ता. ४ मार्च

ती. मामास,
ठकूचा सा. न. वि. वि.

फोनवर निम्मं तुला ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं मी चिडून गिळते, म्हणून पत्रच.

आमच्या डब्यांच्या कारखान्यात पंधरा तारखेला पत्रा दाबायच्या प्रेसवरच्या साठ जणांचं सुरक्षा प्रशिक्षण आहे. दिवसभराचं वेळापत्रक माझ्या गळ्यात पडलंय. प्रेसवर एक बाई आहेत, सगळा कारखाना त्यांना वहिनी म्हणतो; जानेवारीत त्यांची उजव्या हाताची दोन बोटं गेली. आता त्या फाटकाशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद करतात. मी पहिल्याच तासाला त्यांना बोलायला ठेवलं, तर साहेबांनी लाल पेनाने काट मारली. म्हणाले, सकाळी सकाळी रडगाणं कशाला? त्या जागी त्यांचं स्वतःचं भाषण, दीड तास! मग फुगे फोडायचा खेळ, कारण दिवस रंगला पाहिजे. वहिनींना संध्याकाळी पुष्पगुच्छ, धैर्याबद्दल. हे पाचवं वेळापत्रक. डोक्याचा पार भुगा झालाय.

तू तीस वर्षं प्रेसवर काढलीस, त्यातली बारा फोरमन म्हणून. साठ माणसं दिवसभर जागी कशी ठेवायची, तेवढं सांग.

मामीला नमस्कार. लोभ या चिडकीवरही राहू दे.
तुझी ठकू


ता. ८ मार्च

चि. ठकूस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. मामीनेही वाचलं, आणि तुझ्या साहेबांना ती जे म्हणाली ते इथे लिहीत नाही.

जेवणानंतर भाषण ठेवलंस तर घोरणं ऐकशील. त्या वेळी सगळ्यांना उठवून थेट प्रेसपाशी ने, मशीन बंद ठेवून. वहिनींना बोलायचं असेल तर बोलू दे. पण त्यांना विचारलंस का? तुझ्या पत्रात तसं कुठे दिसलं नाही. मग एकच प्रश्न टाक : बोटं वाचवायला बसवलेली जाळी काढतं कोण, आणि का? विचारलंस की गप्प राहा. तुला नेमकं तेच जमत नाही.

हे मला कुणी शिकवलेलं नाही, ठकू. माझ्या पाळीत जाळी काढूनच काम चालायचं, कारण जाळी असली की माल कमी निघतो. मला दिसायचं, मी पाठ फिरवायचो. एकाचा अंगठा गेला. चौकशीत मी सांगितलं, त्याचंच लक्ष नव्हतं. हे लिहिलेलं मामीला वाचून दाखवलं, तिला आज पहिल्यांदा कळलं. ती काही न बोलता आत गेली.

राग गिळू नकोस, पण जेवणावरही काढू नकोस. आशीर्वाद आहेतच.
तुझा मामा


ता. १७ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

मामी बोलायला लागली का? रविवारी येते, तेव्हा आपण तिघं बोलू.

वहिनींना विचारलं. पुष्पगुच्छ नको, प्रेसपाशी उभी राहते म्हणाल्या. साहेबांचं भाषण दीडाचं अडीच तासांवर गेलं. फुगा फुटला तसे एक काका दचकून खुर्चीवरून पडले. सुरक्षा प्रशिक्षणातला अपघात! जेवणानंतर मी वेळापत्रक गुंडाळून ठेवलं आणि सगळ्यांना प्रेसपाशी नेलं. वहिनींनी हात कसा आत गेला ते दाखवलं. मी प्रश्न विचारला आणि तोंड शिवून उभी राहिले. मागून एक जण म्हणाला, जाळी लावून तासाला चारशे डबे निघतात आणि मागता सहाशे, तेव्हा काढणारा कोण ते साहेबांनाच विचारा. साहेब मागेच होते. हा प्रश्न वेळापत्रकात नव्हता म्हणाले. पण साठातला एकही जागचा हलला नाही. शेवटी साहेबांनी तिथेच उभ्या उभ्या, यापुढे तासाला चारशेच डबे, असं लिहून सही केली.

दुसऱ्या दिवशी प्रशिक्षणाचं काम माझ्याकडून काढून घेतलं. आता मी हजेरीच्या टेबलावर. नुसता संताप होतोय.

वहिनींना निदान बरं वाटलं असेल म्हणून फाटकाशी गेले. तर त्यांनी विचारलं, हाच प्रश्न जानेवारीच्या आधी विचारायला काय झालं होतं? एवढं विचारून त्या उठल्या, आपल्या जुन्या प्रेसपाशी गेल्या आणि डाव्या हाताने जाळी दोनदा ओढून पाहिली. पक्की होती. तिथे आता काम करणाऱ्या मुलीला म्हणाल्या, कुणी काढायला सांगितलं तर आधी मला हाक मार.

लोभ आहे तो असाच वाढू दे.
तुझी ठकू