फोटो घरच्यांपुरता

ता. ३ मार्च

चि. नातीस आजीचे प्रभूमध्ये अ. आ. वि. वि.

तुझं पत्र आणि आतला फोटो मिळाला. पत्र दोनदा वाचलं, म्हणजे एकदा मी अडखळत आणि एकदा शिंपीणबाईंनी घडाघडा. माझं शिक्षण तुला ठाऊकच. दुसरीत होते, धाकटा भाऊ झाला, पाटी गेली आणि पाळणा हातात आला. असो. किती वाळलीस गं! त्या हनुवटीने कागद कापता येईल. पण मांडीवरची ती आश्रमातली पोर कसली गोड! गालात घास साठवते म्हणून तू तिला खारूताई म्हणतेस, ते अगदी शोभतं. बाप एवढा मारकुटा, तरी समोरचे दात पडलेलं तोंड उघडून बघ कशी हसतेय!

तू लिहिलंस की तुमच्या मिशनच्या आश्रमात मुलांचे फोटो काढायला बंदी आहे, मी हट्ट केला म्हणून मैत्रिणीच्या कॅमेऱ्यातला हा एकच पाठवलास, घरच्यांपुरता ठेव. ठेवलाय की! पण आपली मंडळी काय परकी? तू परदेशी सेवेला निघालीस तेव्हा सगळ्यांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. मग त्यांना नको दाखवायला? रविवारी उपासना सुटल्यावर दारातच उभी राहिले. पाळकसाहेब म्हणाले, आजी, नातीने नाव काढलं. अंगावर मूठभर मांस चढलं माझ्या. शिंपीणबाईंनी फोटो प्रार्थनेच्या ग्रुपवरसुद्धा टाकला. बापापासून कशी सोडवली, कुठे ठेवलीय, सगळं खाली नीट लिहिलं, म्हणजे लोकांना मनापासून प्रार्थना करता येते. तुझी आत्या तेवढी कुरकुरली, की आई, तुला सांगितलेलं एक ऐकायला नको. ती जन्मापासून आंबट.

गादीखाली वर्तमानपत्र घाल, ओल चढत नाही. म्हातारीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आजी


ता. १४ मार्च

ती. आजीस सा. सलाम वि. वि.

आजी, आधी हे कर, मग पुढचं वाच. तो फोटो ज्यांच्या ज्यांच्या फोनवर आहे, त्यांना पुसायला सांग. आत्ताच. आम्हा स्वयंसेवकांना इथे फोन देत नाहीत, म्हणून तिकडे परत येणाऱ्या एका ताईंच्या हाती हे पत्र देतेय.

काल इथल्या स्वयंपाकीणबाईंनी तोच फोटो मला त्यांच्या फोनवर दाखवला. त्यांच्या बहिणीच्या चर्चमधून आला होता. एका मंडळीतून दुसऱ्या मंडळीत, प्रार्थनेची विनंती म्हणून. फोटोत माझ्या मागे आश्रमाच्या फाटकावरची पाटी आहे आणि ती स्पष्ट वाचता येते. फोटो काढताना माझ्या लक्षातच आलं नाही. पहिली चूक माझी, नियम मी मोडला.

कोर्टाने तिच्या बापाला तिच्याजवळ यायला मनाई केली आहे, म्हणून ती कुठे आहे हे बाहेर कुणालाच सांगत नाहीत. परवा फाटकाशी एक माणूस आला. पहारेकऱ्याला विचारत होता, समोरचे दात पडलेली मुलगी इथे आहे का. नाही म्हटल्यावर तो गेला नाही, समोरच्या पंक्चरच्या दुकानात बसून राहिला. खारूताईने त्याला वरच्या खिडकीतून पाहिलं आणि ती जेवणाच्या टेबलाखाली शिरली. अजून तिथेच आहे. मीही तिच्याजवळ खाली बसून लिहितेय. सकाळचा घास गालातच आहे, गिळत नाही.

मुख्य बाईंना सगळं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

मी रागावलेय का, ते नंतर विचार.

तुझी नात


ता. १७ मार्च

चि. बाळास अ. आ.

शिंपीणबाईंची वाट न बघता पत्र एकटीने वाचलं. टेबलाखालच्या ओळीशी आले आणि पुढची अक्षरं दिसेनात.

तशीच निघाले. दोन पायांत दोन तऱ्हेच्या चपला, हे रस्त्यात कळलं. शिंपीणबाई म्हणाल्या, अहो आजी, देवाच्या कामाला कसली भीती! मी म्हटलं, देवाने तिला घडवलंय, त्याला फोटो कशाला लागतोय? मग घरोघर गेले. फोनमधलं मला ओ की ठो कळत नाही, पण समोर उभी राहून पुसायला लावला. गवंडीमामा नंतर पुसतो म्हणाले, तर त्यांच्या पायरीवर फतकल मारली. शेवटी त्यांच्या सुनेनेच फोन हिसकावून घेतला. पाळकसाहेब म्हणाले, मंडळीत घबराट नको. त्यांना मी जन्मात पहिल्यांदा उलट बोलले. मग त्यांनीच इतर मंडळ्यांना फोन लावले. तुझी आत्या माझ्याबरोबर फिरली, एका शब्दाने टोचलं नाही. टोचलं असतं तर बरं झालं असतं.

पण पुढे किती जणांकडे गेला ते कुणालाच सांगता येत नाही. सांडलेलं पाणी मी फडक्याने टिपतेय आणि ते उताराला लागलंय, बाळा. पोर जेवली का, तेवढं कळव.

आजी


ता. २१ मार्च

ती. आजीस सा. सलाम.

परवा तो भिंत चढून आत आला. स्वयंपाकीणबाईंनी आणि पहारेकऱ्याने जेवणघराचं दार आतून पाठीने रेटून धरलं. पोलीस येईपर्यंत तो बाहेरून तिला नावाने हाका मारत रडत होता. शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं, आजी. ती माझ्या पाठीला चिकटून होती, आवाज न करता.

त्याला नेलं. त्याच दुपारी एक बाई गाडी घेऊन आल्या आणि तिला दुसरीकडे घेऊन गेल्या. कुठे, ते मला सांगितलं नाही. मी विचारलं, तर मुख्य बाई म्हणाल्या, तुम्ही महिनाभराने घरी जाल, लपून तिला राहायचंय. तिला निरोप द्यायला दारात येऊ नका म्हणाल्या होत्या, मी गेले नाही. आता मला मुलांत पाठवत नाहीत, धुण्याच्या खोलीत चादरी घड्या करते.

जाण्याआधी जेवली. दोनदा मागून घेतलं.

तुझ्यावर रागावले होते. आता तेवढी नाही.

तुझी नात


ता. २६ मार्च

चि. नातीस आजीचे अ. आ. वि. वि.

जेवली, ही ओळ मी आत्याला तीनदा वाचायला लावली. फोटोतली तू तरी कापून ठेवावी म्हणून कात्री घेतली, पण तुझा हात तिच्या पोटाभोवती, कुठून कापणार? काडी लावली.

रविवारी बायकांनी गराडा घातला, पोर कुठे आहे, सांगा ना आजी. ठाऊक नाही म्हटलं. शिंपीणबाई म्हणाल्या, नुसतं गावाचं नाव तरी! खोटं कशाला सांगू, मला खरंच काही ठाऊक नव्हतं, तरी जिभेला इतकी खाज सुटली की एखादं गाव रचून सांगितलं असतं. ओठ दाताखाली धरला.

मग प्रार्थना. आमच्यात एकेकीने मोठ्याने करायची, माझी तर नेहमी सगळ्यांत लांब. माझी पाळी आली आणि मी गप्प. बायका थांबल्या. कुणीतरी खाकरलं. आजीला डुलकी लागली असं वाटून शिंपीणबाईंनी कोपराने ढोसलं.

मी डोळे उघडले नाहीत. जे सांगायचं ते आतल्या आत सांगत होते, आणि ते अजून संपलं नव्हतं.

जशी आहे तशी आजी तुझीच, हे विसरू नकोस.

आजी