मला काढू शकेल असं कोणीतरी

प्रिय हेडबाई,

हो, कारखान्यात पाठीमागे आम्ही सगळे तुम्हाला हेच म्हणायचो, आणि तुम्हाला ते ठाऊक होतं हेही आम्हाला ठाऊक होतं. सहा वर्षांनी माझं अक्षर पाहून तुमच्या कपाळाला आठी पडली असेल. पडू द्या, पण पत्र फाडू नका. आधी बातमी सांगते: माझ्या व्हिसाचा मार्ग एकदाचा ठरला. काल दुपारी वकीलबाईंच्या ऑफिसातून उतरले आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर तशीच बसून राहिले. येणारे-जाणारे मला ओलांडून जात होते आणि मी आपली हसतेय वेड्यासारखी. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते काल कळलं.

मी परदेशात येऊन कंपनी काढलीय हे तुमच्या कानावर आलंच असेल. भागीदार इथलाच आहे. त्याला मी लंबू म्हणते, कारण आमच्या वर्कशॉपच्या दारात तो रोज न चुकता कपाळ आपटतो. वर्कशॉप म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानामागची लांबट खोली. ओल्या वाळूच्या पेट्या, त्यांत पुरलेले पाइप आणि वर आमचं यंत्र. रस्त्याखाली पाणी नेमकं कुठे गळतंय ते आवाजावरून सांगतं, म्हणजे अख्खा रस्ता खणायला नको. दोन शहरांच्या पाणीखात्यांनी ते घेतलंसुद्धा. ऐका ना, थोडा तोरा मिरवू द्या!

पण माझा इथे राहायचा परवाना अकरा आठवड्यांत संपतोय. संपला की मी गाशा गुंडाळायचा, आणि यंत्राचं सगळं गणित माझ्या डोक्यात असल्यामुळे माझ्यामागोमाग कंपनीनेही. वकीलबाईंनी तीन वाटा दाखवल्या. पहिली गुंतवणूकदाराची; तिला लागणारा पैसा आमच्या सात पिढ्यांनी पाहिलेला नाही. दुसरी असामान्य गुणवत्तेची. तिला बक्षिसं आणि वर्तमानपत्रांतली कात्रणं लागतात. आमच्याकडे कात्रण एकच, त्यातल्या फोटोत लंबू पूर्ण आणि माझं फक्त कोपर. राहिली तिसरी, साध्या नोकरीची. कंपनीने मला कामावर ठेवायचं, म्हणजे माझ्याच कंपनीत मी नोकर. मी म्हटलं, नोकर तर नोकर, भरा फॉर्म.

फॉर्म लंबूने भरला. त्यात एक प्रश्न होता, की या व्यक्तीच्या कामावर देखरेख कोण करतं. आमची फुशारकी अशी, की आमच्यात साहेब कोणीच नाही. मालकी निम्मी निम्मी, सह्या दोघांच्या, कपाटालासुद्धा दोन कुलपं. तर या सरळमार्गी माणसाने मोठ्या अभिमानाने लिहिलं, की कोणीही करत नाही, ती कोणाचंही ऐकत नाही. नशीब, अर्ज जाण्याआधी वकीलबाईंनी वाचला. त्यांनी कपाळावर हात मारला आणि समजावलं, की नोकर म्हणायचं तर मला कामावरून काढू शकेल असं कोणीतरी कंपनीत हवं. निम्म्या-निम्म्यात कोणीच कोणाला काढू शकत नाही. तेव्हा तिसरा संचालक घ्या, बाहेरचा, नात्यातला नको. तिघांपैकी दोघांचं मत पडलं की मी घरी.

माझं काय झालं असेल ते तुम्हाला सांगायला नको. नाकावरचा राग अजून तिथेच आहे. मी ताडकन उठले, म्हटलं, माझ्या कंपनीतून मला काढणारा हा कोण टिकोजीराव? वकीलबाई शांतपणे चष्मा पुसत बसल्या. आणि तेवढ्यात लंबू बोलला. हा माणूस चार वर्षांत मला कधी नाही म्हणालेला नाही. खाली मान घालून म्हणाला, की असं कोणी आलं तर त्याला फार बरं वाटेल. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. गेल्या हिवाळ्यात वीस यंत्रं पाठवायची घाई होती आणि मी ओल्या वाळूतली चाचणी गाळायला लावली होती. मला खात्रीच होती ना! या गड्याने मला ताकास तूर लागू न देता रविवारी एकट्याने ती चाचणी केली. विसांतली तीन नापास. ती दुरुस्त केली, पाठवून दिली आणि मूग गिळून बसला. का सांगितलं नाहीस विचारलं, तर म्हणाला, तुझी भीती वाटते.

हेडबाई, मला तुमची ती खोली आठवली, व्हॉल्व्हच्या दाबचाचणीचा कागद आणि त्याखालची माझी सही. चाचणी न करता केलेली. तुम्ही मला समोर उभं करून व्हॉल्व्ह स्वतः तपासला. तो पास झाला, आणि तरी तुम्ही मला त्याच दिवशी काढलंत. व्हॉल्व्ह पास झाला होता, हे मी सहा वर्षं भेटेल त्याला सांगत फिरले. तुम्हाला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. खोटी सही तर खोटीच होती, एवढं साधं कळायला मला तीन नापास यंत्रं लागली. माझं चुकलं होतं. हे लिहिल्यावर इतकं हलकं वाटतंय, की आधीच का नाही लिहिलं असं झालंय.

काल त्या पायरीवर लंबू माझ्या शेजारी येऊन बसला. आम्ही दोघं आपापल्या कागदावर तिसऱ्या संचालकासाठी नावं काढणार होतो. माझ्या कागदावर एकच नाव आलं. तुमचं. तुमचे सगळे किस्से लंबूला माझ्याकडून ऐकून पाठ आहेत. त्याने नाव वाचलं आणि दारात नसतानाही कपाळाला हात लावला. पण मग हसला, चार वर्षांत पाहिलं नव्हतं असं मोकळं. मला काढायची हिंमत आजवर एकाच माणसाने केली, आणि त्या माणसाचं बरोबर होतं. बैठका फोनवर होतात, इथे यावंही लागणार नाही. सोबत या महिन्यातल्या बारा यंत्रांचे चाचणीचे कागद आहेत. चाचण्या काल रात्रभर जागून मी स्वतः केल्यात, सह्या नंतर. नीट तपासा. काही खोट सापडली तर पहिल्याच बैठकीत मला काढा. काढायला का होईना, पण या.

तुमचीच,
एकदा काढलेली