तुम्ही स्टाफमध्ये गेलात त्याबद्दल

पप्पा, स्टाफमध्ये गेल्यावर तुम्हाला बरं वाटलं होतं का? हा प्रश्न मी गेले काही आठवडे स्वतःलाच विचारते आहे आणि मला त्याचं उत्तर देता येत नाही. तुम्ही असतात तरी सरळ दिलं असतंत असं नाही. पण निदान तुमचा चेहरा बघून मला काहीतरी ठरवता आलं असतं. तुम्ही जाऊन दहा वर्षं होत आली. तेव्हा मी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते, आणि तुम्हाला विचारण्यासारखं माझ्याकडे काही आहे हेच मला माहीत नव्हतं.

आपण काळेवाडीच्या दोन खोल्यांत राहत होतो. तुम्ही कंपनीतून आलात ते हातात जिलेबीचा पुडा घेऊन. आईने विचारलं, कशाची? तुम्ही म्हणालात, "स्टाफमध्ये घेतलं." आईने लगेच देवापुढे पुडा ठेवला. मला एवढंच कळलं की आता निळा ड्रेस जाऊन पांढरा शर्ट येणार, तिसरी शिफ्ट बंद होणार आणि पप्पा रात्री घरी झोपणार. युनियन सोडावी लागते, ओव्हरटाइम मिळत नाही, युनियनने पगारवाढीचा करार केला तरी तो आपल्याला लागू होत नाही, हे सगळं मला फार नंतर कळलं. कँटीनमध्ये जेवण तेच असतं, पण बसायची बाजू बदलते, हेसुद्धा. कामगार एकीकडे, स्टाफ एकीकडे. मधे भिंत नसते, पण कुणी ओलांडत नाही. तुम्ही हे आईला एकदा सांगत होतात आणि आई म्हणाली, "मग काय झालं? जेवायला बसायचं का गप्पा मारायला?"

तुमच्याबरोबर कंपनीत काम करणारे काका रोज स्कूटरवरून तुम्हाला न्यायला यायचे, ते यायचे थांबले. ते साहजिकच होतं, त्यांची शिफ्ट वेगळी आणि तुमची जनरल. पण मग एका रविवारी डांगे चौकातल्या बाजारात ते भेटले. मी तुमचं बोट धरून उभी आहे. काकांच्या पिशवीतून मेथीची जुडी बाहेर आलेली आहे.

"काय साहेब, भाजी सोताच घेता व्हय? माणूस न्हाई ठेवला अजून?"

"साहेब म्हणू नको राव."

"मग काय म्हणू? गेल्या करारात गेटवर माझ्या शेजारी बोंबलत होतास. आता आमी बाहेर बोंबलायचं आन् तू आतून बघायचं."

"पोरगी बरोबर आहे."

"असू दे की. तिला पण कळू दे, बाप मोठा झाला." असं म्हणून त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि पिशवीतले दोन पेरू काढून मला दिले. ते हसत होते. तुम्हीही हसत होतात. घरी येताना मी विचारलं, "पप्पा, काका रागावलेत का?" तुम्ही म्हणालात, "कोथिंबीर घ्यायची राहिली की गं."

ते भांडण होतं की थट्टा, मला अजून कळत नाही. भांडण म्हणावं तर तुम्ही गेलात त्या दिवशी खांदा द्यायला काका सगळ्यांच्या पुढे होते. थट्टा म्हणावी तर मधल्या सगळ्या वर्षांत ते आपल्या घरी एकदाही चहाला आले नाहीत.

आणि याच स्टाफमुळे आपल्या घरी कॉम्प्युटर आला. ऑफिसमधले जुने कॉम्प्युटर बदलले तेव्हा ते फक्त स्टाफला विकत घेता येत होते. तुम्ही चादरीत गुंडाळून रिक्षातून आणलात. आईने त्याला हळद-कुंकू लावलं आणि वर रुमाल घातला. तुम्ही तो रुमाल काढून तिच्या हातात दिलात. मला म्हणालात, "बिघडला तर बिघडू दे. पण नुसता पुसत बसू नको." मी तो खरंच बिघडवला, पुष्कळदा, आणि प्रत्येक वेळी काय बिघडलं ते शोधताना मला जे शिकायला मिळालं त्यावर मी आज पोट भरते. आपल्या घरातली मी पहिली पदवीधर. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, पोरीसाठी त्यांनी स्टाफ घेतला. खरंच तसं होतं का? तसं असेल तर तुमच्या कँटीनमधल्या त्या वेगळ्या बाजूचं ओझं माझ्याकडे येतं, आणि त्याचं काय करायचं मला समजत नाही.

हे सगळं आत्ताच का, ते सांगते. माझं ऑफिस चिंचवडला आहे, पण आम्ही बनवतो ते सॉफ्टवेअर चाकणच्या कारखान्यांत चालतं. लाइनवरून जाणाऱ्या प्रत्येक पार्टची नोंद ते ठेवतं, आणि ते अडलं की लाइन थांबते. आम्ही सहा जण आहोत. त्यातली एक माझी मैत्रीण. आम्ही एकाच दिवशी कामाला लागलो, शेजारी बसतो, डबा एकत्र खातो. तिला दीड वर्षाचा मुलगा आहे आणि पाळणाघर साडेसहाला बंद होतं. मागे एका शनिवारी चाकणला नवीन सॉफ्टवेअर चालू करायचं होतं, पहिली शिफ्ट सुटून दुसरी बसते त्या वेळात. ते अडकलं, आणि अडकलं ते तिच्या भागात. तिने पाचपर्यंत धडपड केली आणि मग ती निघून गेली. मी लाइनवर एकटी उरले. शिफ्टचे इनचार्ज दर थोड्या वेळाने येऊन उभे राहायचे.

"मॅडम, सर कधी येणार?"

"कोणते सर?"

"हे करतात ते."

"हे मीच करते."

"बरं बरं, करा तुम्ही. पण सरांना पण एकदा फोन लावून बघा की."

मी हसले, पण आतून मला तिचाच राग येत होता. इनचार्जांचा नव्हे, तिचा. लाइन चालू झाली तेव्हा मला जो आनंद झाला त्यात तो राग विरघळला नाही.

मागच्या महिन्यात मॅनेजरांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं की टीम लीड म्हणून तुझं नाव दिलंय. आणि लीडचं पहिलं काम म्हणजे पाच जणांचं वर्षाचं रेटिंग. त्यात एक खाली गेलाच पाहिजे. खाली म्हणजे पगारवाढ नाही, आणि पुढच्या वर्षी परत खाली आलं तर घरी. कोण, ते त्यांनी सांगितलं नाही. फक्त त्या शनिवारची आठवण काढली.

मी म्हणाले, "सर, पाचही जणांनी काम केलंय."

"काम सगळेच करतात गं. म्हणून तर लीड लागतो." मग जरा प्रेमानेच म्हणाले, "पर्सनल घेऊ नकोस. माझ्या वेळी मलाही जड गेलं होतं. होतं सवयीने."

सवयीने होतं, या बोलण्यानेच मी घाबरले. तुम्हाला झाली होती का सवय? मला वाटत होतं, कॉलेजात वाटायचं तसं, की चांगलं काम केलं की माणूस वर जातो आणि वर गेला की इतरांचं भलं करू शकतो. या दोन गोष्टींच्या मधे कुणाला तरी खाली टाकण्याची एक पायरी असते, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. नाही म्हणावं असं एक दिवस वाटायचं, दुसऱ्या दिवशी वाटायचं की नाही म्हणून मी फक्त माझे हात स्वच्छ ठेवणार. मी मैत्रिणीशी बोलायचं टाळू लागले. शेवटी या सोमवारी तिनेच डबा उघडता उघडता विचारलं, "किती दिवस तोंड लपवणार आहेस? मला कळलंय सगळं."

मी म्हणाले, "मी त्या शनिवारी तुझ्यावर चिडले होते."

"माहितीये. पोचले म्हणून मेसेज टाकला तर नुसता अंगठा पाठवलास."

"मी त्यांना नाही म्हणून सांगणार आहे."

"अगं वेडी आहेस का? तू नाही म्हणालीस तर टीममधल्या त्या दुसऱ्याला लीड करतील. तो मला खाली टाकेल आणि वर समजूत काढायला येईल. त्यापेक्षा तू हो."

"आणि मीच टाकलं तर?"

"तर मी तुझ्याशी भांडेन. त्याच्याशी भांडतासुद्धा येत नाही." मग माझ्या डब्यातली भाजी घेत म्हणाली, "आणि हे बघ, मला दया नकोय. चाकणचं काम सकाळच्या शिफ्टला लावता येतं का ते बघ."

पप्पा, इतकं साधं होतं. ती जाते म्हणून मी चिडले, पण ते काम दुपारच्या शिफ्टलाच का करायचं हे आमच्यापैकी कुणी विचारलंच नव्हतं. तरी याने सगळं सुटत नाही. रेटिंगचा नियम तसाच आहे. एकाला खाली टाकायचंच आहे, आणि मी नाही टाकलं तर वरचे कुणीतरी टाकतील, कदाचित तिलाच. मी तिला वाचवते आहे की फक्त मला माझ्याच नजरेत वाईट ठरायचं नाही, हे मला खरंच ठरवता येत नाही.

हे पत्र मी आईला दाखवणार नाही. पोरीसाठी घेतलं, हा तिचा विश्वास आहे आणि तो तिला लागतो. मला मात्र आता वेगळंच वाटायला लागलं आहे. मला ही जागा हवी होती. केबिनमध्ये नाव ऐकलं तेव्हा माझ्या मनात आधी आनंदच आला, मैत्रीण मागाहून आली. कुणासाठी नाही, मला स्वतःला हवी होती. तुम्हालाही तशीच हवी असेल, पांढऱ्या शर्टासकट, तर असू दे.

आज सकाळी मी होकार कळवला. सोबत रेटिंगही पाठवलं. तिला मधल्या रांगेत ठेवलं, तिच्या कामावरून तिचं नाव जिथे बसतं तिथे, आणि खालची जागा रिकामी सोडून कारण लिहिलं, की पाचांतल्या कुणाचंच काम इतकं खालचं नाही. चाकणची पुढची तारीख सकाळी सातची मागून घेतली. जेवणाच्या आधी मॅनेजरांचा फोन आला, "रिकामी जागा सिस्टीम घेत नाही." मी म्हणाले, "मग सिस्टीमला माझ्याशी बोलायला सांगा, सर," आणि फोन ठेवून, डबा घेऊन मैत्रिणीशेजारी जेवायला बसले.